मावशीला मोटारसायकलने उडवलं, आता ते "आपसात मिटवू" म्हणतायत. सही करायची का?

हुतात्मा_एक्सप्रेस
नमस्कार मंडळी. मी नोकरीला पुण्यात, घर सोलापुरात. माझी मावशी (वय ४४) विडी कामगार आहे. गेल्या महिन्यात विड्या देऊन अक्कलकोट रोडने चालत घरी येत होती, रस्त्याच्या कडेकडेने. मागून मोटारसायकल आली आणि उडवलं. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट टाकली. गुडघाही चांगलाच सोलवटलाय.

गाडीवाल्याचे वडील लगेच आले. स्वतः रिक्षा करून खासगी दवाखान्यात नेलं, दहा हजार भरले. माणूस बोलायला एकदम गोड. पोलिसात जाऊ नका म्हणून मावशीसमोर हात जोडले. तिला दया आली आणि डॉक्टरांना तिने "पडले" एवढंच सांगितलं. केस पेपरवर "रस्त्यावर घसरून पडल्या" अशी नोंद आहे.

आता ते स्टॅम्प पेपर टाइप करून घेऊन आलेत. आणखी २५ हजार देतो, "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, पुढे कसलीही मागणी करणार नाही" यावर सही करा, असं म्हणतात. दवाखान्याचं बिल लाखाच्या वर गेलंय. मामा म्हणतो हातात येतंय ते घ्या, कोर्टात चपला झिजतील. मावशी म्हणते पोराचं वाटोळं नको. मला काही सुचत नाहीये. इथे कोणी यातून गेलंय का?

शेंगाचटणी
सही बिही काही करू नका ओ! २५ हजारात प्लेटचे स्क्रू पण येत नाहीत. तो कागद आधी तुमच्या ताब्यात घ्या, फोटो काढून ठेवा. गाडीने धडक दिल्याचं त्यांनी स्वतःच लिहून आणलंय की त्यात!

हुतात्मा_एक्सप्रेस
फोटो आहे माझ्याकडे. गाडीचा नंबर आणि "झालेल्या अपघाताबाबत" असे शब्द त्यात आहेत.

सात_रस्ता_वकील
हा फोटो जपून ठेवा, पुढे फार कामाला येईल. मी सोलापूर कोर्टातच अपघाताचे क्लेम चालवतो, जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी पोलीस. केस पेपरवर "घसरून पडल्या" असलं तरी गुन्हा नोंदवता येतो. मावशींनी स्वतः जबाब द्यायचा: धडक कशी बसली, दवाखान्यात कोणी नेलं, पैसे कोणी भरले, आणि डॉक्टरांना तसं का सांगितलं. खरं कारण आहे ते सरळ सांगायचं. उशीर का झाला तेही त्याच जबाबात यायला हवं. फिर्याद उशिरा दिली एवढ्यावर क्लेम फेटाळता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात हे सांगितलंय. पण उशिराचं कारण पटलं पाहिजे. आणखी दोन महिने थांबलात तर पटणार नाही.

पैसे भरल्याची पावती कोणाच्या नावावर आहे? ऑनलाइन भरले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या. ज्याचा काही संबंध नाही तो माणूस रस्त्यावर घसरून पडलेल्या बाईचे दहा हजार का भरेल?

आता मुदत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून ६ महिन्यांत दावा दाखल व्हायला हवा. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून परत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश झाला की तूर्त या कारणावरून दावे फेटाळू नयेत. तरी त्या आदेशाच्या भरवशावर बसू नका. अजून वेळ आहे, मुदतीतच टाका.

बाळीवेस
वकीलसाहेब, पोलीसच म्हणतात "मिटवून घ्या". माझ्या मेव्हण्याच्या वेळी असंच झालं. ठाण्याचं नाव नाही घेत. नुसतं बसवून ठेवलं.

सात_रस्ता_वकील
लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरीही नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांकडे. ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक, आपल्या शहरात आयुक्तालय. तिथेही दाद नाही लागली तर मॅजिस्ट्रेट. बहुतेक वेळा अर्जावर आयुक्तालयाचा आवक शिक्का दिसला की खालचं काम हलतं. फिर्याद नोंदवली की तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, त्याला पैसे द्यायचे नाहीत.

आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते. २०२२ च्या नियमांप्रमाणे अपघाताची खबर मिळाल्यावर पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. त्याची प्रत जखमीलाही मिळाली पाहिजे. मागा. मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही.

निवृत्त_विमावाला
मी एका विमा कंपनीत थर्ड पार्टी क्लेमच्या, म्हणजे गाडीने ज्या तिऱ्हाइताला इजा झाली त्याच्या दाव्यांच्या टेबलावर नोकरी संपवली. पलीकडच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

फाईल आली की आम्ही आधी केस पेपरची पहिली ओळ वाचायचो. "घसरून पडल्या" दिसलं की अर्धा बचाव तिथेच तयार. कारण खोट्या केसेस खरंच येतात. माणूस स्वतः पडलेला असतो आणि नंतर ओळखीतल्या एखाद्या विमा असलेल्या गाडीचा नंबर घुसवतात. त्यामुळे तपासनीस घटनास्थळी जातो, चहावाल्याला विचारतो, शेजाऱ्यांना विचारतो. तुमची केस खरी आहे ना, मग तो चहावाला त्याच्या आधी तुम्ही गाठा. आसपासच्या दुकानांचे कॅमेरे बघा. डीव्हीआर जुनं चित्रण पुसत जातो, त्यामुळे हे काम आजचं. दुकानदार देत नसेल तर तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा, म्हणजे पोलीस मागतील.

गाडीचा विमा आहे का ते परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून दिसतं. आणि महत्त्वाचं, गाडी कोण चालवत होता? लायसन होतं का? वडील एवढे पाया पडतायत म्हणजे काहीतरी आहे.

हुतात्मा_एक्सप्रेस
विमा आहे, चालू आहे, ॲपवर दिसला. गाडी वडिलांच्या नावावर.

आणि काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला. पोरगा सतरा वर्षांचा, बारावीला आहे. काल मामाला ते म्हणाले की फारच वाटत असेल तर करा केस, पण मोठा मुलगा चालवत होता असं सांगा, त्याच्याकडे लायसन आहे, विम्याचे पैसे "आरामात" मिळतील. मामा जवळजवळ तयार झालाय.

निवृत्त_विमावाला
मामांना आवरा. आत्ताच्या आत्ता. चालक बदलला हे आम्हाला हमखास कळायचं. मोठा त्या वेळी कॉलेजात किंवा कामावर असतो, हजेरी असते, फोनचं लोकेशन असतं. मग खऱ्या अपघाताचा दावाही खोट्यात जमा होतो आणि खोटा जबाब दिला म्हणून मावशीच अडकतात.

सात_रस्ता_वकील
शंभर टक्के सहमत. आणि त्याची गरजही नाही. पोराकडे लायसन नाही म्हणून मावशींचे पैसे बुडत नाहीत. त्या तिऱ्हाईत, पॉलिसीच्या अटी मोडल्या त्या मालकाने. अशा वेळी न्यायाधिकरणं बहुतेकदा विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. वडिलांना हीच भीती आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याचंच कलम १९९अ आहे: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. पोराचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं, त्याला कोणी तुरुंगात टाकत नाही. मावशींना हे नीट समजावून सांगा. पोराचं वाटोळं वगैरे होत नाही. झळ बसते ती सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात चावी देणाऱ्याला.

जुळे_सोलापूर
कडक बोललात साहेब. पण आमच्या इथल्या क्लासेसबाहेर उभ्या असलेल्या गाड्या बघा संध्याकाळी. निम्म्या पोरांना मिसरूड नाही.

शेंगाचटणी
आणि चालणाऱ्याने चालायचं कुठून बे? फूटपाथवर हातगाडे, त्याच्या पुढे पार्किंग, त्याच्या पुढे खड्डा. कोर्टात मग विचारतात बाई रस्त्यावर का चालत होती.

सात_रस्ता_वकील
विचारतात, अगदी असंच विचारतात. कंपनीचा वकील "न बघता मध्ये आल्या" म्हणणारच, म्हणजे चूक वाटून घेऊन रक्कम कापायची. म्हणून पंचनामा नीट करून घ्या. धडक कुठे बसली, कडेपासून किती अंतरावर, फूटपाथ होता का, होता तर त्यावर काय होतं. पंचनाम्यात "पादचारी मार्ग विक्रेत्यांनी व्यापलेला" ही ओळ आली तर उत्तर तिथेच मिळतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगे फूटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा हक्कच असल्याचं म्हटलंय. तुमच्या केसमध्ये धडक मागून आहे, त्यामुळे मला या मुद्द्याची फार काळजी वाटत नाही.

कुंभारीची_ताई
मी कुंभारीला राहते, पंधरा वर्षं विडी कामगारांच्या युनियनचं काम करते. सगळे कायदा सांगतायत, मी हाताचं सांगते.

मावशींचं उजवं मनगट गेलंय. विडी कशी होते बघितलंय का कोणी? डाव्या हातात पान आणि फर्मा (पान कापायचा साचा), उजव्या हातात कात्री. मग पानात तंबाखू भरून दोन्ही हातांच्या बोटांनी वळायची, तोंड मोडायचं, दोरा बांधायचा. दिवसभर मनगट फिरत असतं. प्लेट टाकलेल्या हाताने भाकरी थापता येईल कदाचित, पण हजार विड्या नाही व्हायच्या. पाचशेही होतात की नाही शंका. आणि मजुरी तर दर हजार विड्यांमागे मिळते.

बायका कोर्टात उभ्या राहिल्या की "घरकाम" असं लिहून मोकळे होतात. लिहू देऊ नका. मावशींचं विडी कामगार ओळखपत्र, पीएफचा नंबर, कारखान्याचं लॉगबुक, बँकेत मजुरी जमा झाल्याच्या नोंदी, सगळं काढा. अपघाताच्या आधीच्या वर्षाचं लॉगबुक सगळ्यात महत्त्वाचं, किती विड्या दिल्या ते त्यात महिनावार असतं. कारखान्याकडून पत्रही मागा. देत नसतील तर युनियनमार्फत मागू.

अजून एक. मावशींच्या कार्डावर आता घरातलं कोणी विड्या देतंय का?

हुतात्मा_एक्सप्रेस
ताई, कसं ओळखलंत? मावसबहीण वळते आणि मावशीच्या नावावर देते. नाहीतर कार्ड बंद पडेल अशी भीती.

कुंभारीची_ताई
घरोघरी हेच चालतं, म्हणून विचारलं. थांबवा ते. उद्या कंपनीचा माणूस कारखान्यात जाऊन लॉगबुकाची झेरॉक्स आणेल आणि कोर्टात म्हणेल, बघा, बाईंचं काम चालूच आहे, नुकसान कसलं? मुलीने स्वतःच्या नावाने कार्ड काढावं. मावशींची आजारपणाची रजा कारखान्याला लेखी कळवून पोच घ्या, कार्ड असं एकाएकी बंद होत नाही.

सात_रस्ता_वकील
ताई, दंडवत. हा मुद्दा भल्याभल्या वकिलांच्या ध्यानात येत नाही.

त्याला जोडून. सर्वोच्च न्यायालयाचाच २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल आहे, जखमींच्या क्लेममध्ये रोज वापरला जातो. त्यात सांगितलंय की सर्टिफिकेटवरची अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईत झालेलं नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या. डावा हात तोडावा लागला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची तशी बुडत नाही. मावशींना मेडिकल बोर्डाने समजा १५ टक्के अपंगत्व दिलं, तरी विडी वळणाऱ्या बाईचं नुकसान दुप्पट असू शकतं. ते सिद्ध करायला डॉक्टरांची साक्ष लागते. मनगट किती अंशात वळतं, पकड किती राहिली, हे त्यांनी कोर्टात सांगायला हवं. नुसता कागद जोडून भागत नाही.

हिशोब कसा होतो ते दाखवतो. आकडे निव्वळ धरलेले आहेत. महिना कमाई ९,००० धरा, वर्षाचे १,०८,०००. वय ४४ म्हणजे भविष्यातल्या वाढीपोटी २५ टक्के जास्त, झाले १,३५,०००. ४१ ते ४५ वयाला गुणक (वर्षाची कमाई कितीने गुणायची तो वयाप्रमाणे ठरलेला आकडा) १४, म्हणजे १८,९०,०००. कमाईतलं नुकसान ३० टक्के मान्य झालं तर ५,६७,०००. वर दवाखाना, औषधं, जाण्यायेण्याचा खर्च, सांभाळायला माणूस, काम बुडालेले महिने, वेदनांपोटी वेगळी रक्कम आणि दावा दाखल झाल्यापासूनचं व्याज. आता तो २५ हजारांचा स्टॅम्प मामांसमोर ठेवा.

बाळीवेस
पण यात वर्षं जातात ना? कलम १६४ मध्ये चूक सिद्ध न करता लगेच अडीच लाख मिळतात असं वाचलं.

सात_रस्ता_वकील
बरोबर वाचलंत. मृत्यू झाला तर ५ लाख, गंभीर दुखापतीला २.५ लाख, आणि हाड मोडणं ही गंभीर दुखापतच. कोणाची चूक होती ते सिद्ध करावं लागत नाही. "लगेच" या शब्दाची खात्री मात्र मी देत नाही. शिवाय १६४ खाली रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. दोन्ही मिळत नाहीत. पुरावा अगदीच लंगडा असेल तर मी १६४ सुचवतो. इथे स्टॅम्पचा फोटो आहे, पैसे भरल्याचा पुरावा आहे, लॉगबुक आहे. मी १६६ लढवेन.

वेळ लागतो हे खरं. दोन-चार वर्षं धरून चाला. मध्ये लोकअदालतीत कंपनी आकडा सांगते. तो मान्य केला तर पुढे अपील नाही, तेव्हा पहिल्याच आकड्याला मान डोलवू नका.

मंगळवेढ्याची_ज्वारी
थोडं विषयांतर. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्याला ऊस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने रात्री ठोकलं. ट्रॉलीला ना दिवा ना नंबर, ट्रॅक्टर पळाला. त्यांना काही मिळतं का?

निवृत्त_विमावाला
गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रनची योजना आहे. गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला २ लाख. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. फिर्यादीची प्रत, दवाखान्याचे कागद, आधार, पासबुक लागतं. या योजनेत फार कमी लोक अर्ज करतात, कारण कोणी सांगतच नाही. आधी साखर कारखान्याच्या गेटवरचे कॅमेरे आणि वजनकाट्याच्या नोंदी पोलिसांना तपासायला सांगा. त्या रात्री त्या रस्त्याने कोणते ट्रॅक्टर गेले ते तिथे कळतं.

नवीपेठ_१९७०
माझ्या भावाला विजापूरजवळ, म्हणजे कर्नाटकात, जीपने उडवलं होतं. क्लेम सोलापुरात चालला. जखमी जिथे राहतो तिथेही दावा टाकता येतो. तिकडच्या कोर्टात कन्नड कळत नाही म्हणून सोडून देऊ नका कोणी.

हुतात्मा_एक्सप्रेस
वकिलाच्या फीचं काय? एक जण म्हणाला "मिळेल त्यातले तीस टक्के, आधी काही देऊ नका". बरं वाटलं ऐकून.

सात_रस्ता_वकील
निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. चालतं सगळीकडे, हे माझ्याच व्यवसायातल्या लोकांबद्दल लिहितोय, पण चालतं म्हणून योग्य नाही. मावशींना एक सोपा मार्ग आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, आधार आणि कागद घेऊन जा. कोणताही वकील केलात तरी कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या कागदावर सही नाही.

जुळे_सोलापूर
सगळ्यांसाठी एक: आता अपघातानंतर पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे, मे २०२५ पासून. ठरावीक दवाखान्यांतच चालते. ११२ ला फोन केला की जवळचा दवाखाना सांगतात. यांच्या मावशीला उशीर झाला, पण पुढे कोणाला तरी कामाला येईल.

हुतात्मा_एक्सप्रेस
अपडेट देतो. शनिवारी सोलापुरात आलो. मावशीला सगळं वाचून दाखवलं. १९९अ ऐकून ती गप्पच बसली, मग म्हणाली, "पोराला काही होत नसेल तर चल." ताईही ठाण्यात सोबत आल्या. आधी टाळाटाळ झाली, ताईंनी आयुक्तालयाच्या नावाने अर्ज लिहायला घेतल्यावर जबाब घेतला. गुन्हा नोंदला, प्रत हातात आहे. पानटपरीवाल्याने धडक बघितली होती, तो साक्ष द्यायला तयार आहे. पोराच्या वडिलांनी मामाला शिव्या घातल्या. मामा आता आमच्या बाजूला.

बहिणीने विड्या देणं थांबवलंय. घरात ओढाताण होतेय, महिन्याला काही पाठवायचं ठरवलंय मी.

एक शंका राहिली. डॉक्टर म्हणतात वर्षभराने प्लेट काढावी लागेल. तो खर्च अजून झालेलाच नाही, मग दाव्यात कसा दाखवायचा?

सात_रस्ता_वकील
पुढच्या उपचारांचा खर्च मागता येतो. डॉक्टरांकडून लेटरहेडवर अंदाजपत्रक घ्या: कोणतं ऑपरेशन, कधी, किती खर्च, सही, शिक्का, तारीख. साक्षीच्या वेळी तेच डॉक्टर त्याला दुजोरा देतील.

"घसरून पडल्या" त्या नोंदीवर खाडाखोड करून घेऊ नका. कोणी "दुरुस्त करून देतो" म्हणालं तरी नको. मूळ नोंद तशीच राहू दे, मावशींचा जबाब तिचं उत्तर आहे. एक्सरेच्या फिल्म दवाखान्यात राहिल्या असतील तर सोमवारी जाऊन घेऊन या.

कुंभारीची_ताई
सोमवारी मी सिव्हिलला दुसऱ्या दोघींना घेऊन जातेच आहे, वाटेत मावशींना घेते. फिल्म मीच आणते. मावशींना म्हणावं ओळखपत्राची मूळ प्रत पिशवीत टाका, झेरॉक्स नको.